जुन्या ट्रकच्या डिझेल इंजिनातील दोषनिदान

जुन्या ट्रकच्या डिझेल इंजिनातील दोषनिदान म्हणजे इंजिन सुरू न होणे, मध्येच बंद पडणे, अडखळत चालणे, ताकद कमी होणे किंवा प्रमाणाबाहेर धूर सोडणे यांसारख्या लक्षणांवरून बिघाडाचे मूळ कारण शोधण्याची पद्धत होय. या लेखात ‘जुना ट्रक’ ही संज्ञा यांत्रिक इंधन-पंपावर चालणाऱ्या व इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या ट्रकसाठी वापरली आहे. अशा ट्रकमध्ये बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दाखवणारी यंत्रणा नसते. त्यामुळे धूर, आवाज, वास, तापमान आणि तेल-पाण्याची स्थिती हेच निदानाचे मुख्य पुरावे ठरतात.

एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात. इंधनाच्या नळीचा एखादा ढिला नट आणि झिजलेला पंप या दोहोंमुळे इंजिन सारखेच अडखळते. पहिला दोष पान्याच्या एका फेऱ्याने दूर होतो, तर दुसऱ्यासाठी मोठा खर्च करावा लागतो. म्हणून अंदाजाने सुटे भाग बदलण्याऐवजी सोप्या व स्वस्त तपासणीपासून आरंभ करून एकेक शक्यता वगळत जाणे हे या पद्धतीचे मूलसूत्र मानले जाते. ज्या चालकाची उपजीविका एकाच ट्रकवर अवलंबून असते, त्याच्या दृष्टीने हा क्रम विशेष महत्त्वाचा असतो; कारण विनाकारण इंजिन खोलले गेल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबर भाडेही बुडते.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंता रुडोल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाच्या कल्पनेसाठी १८९३ मध्ये जर्मनीत पेटंट मिळाले व १८९७ मध्ये या तत्त्वावरील इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. सुरुवातीची इंजिने अवजड होती व कारखान्यांत एका जागी बसवली जात. बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यानंतर रस्त्यावरील वाहनांत या इंजिनाचा प्रसार वेगाने झाला.

भारतात टाटा समूहाच्या टेल्को कंपनीने (आताची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे ट्रकचे उत्पादन सुरू केले. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. बंगळूर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेली मोटार इंडस्ट्रीज कंपनी ‘मायको’ या नावाने इंजेक्शन पंप व नोझल बनवू लागली. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड असे झाले. टाटांची ६९२ व ६९७ ही सहा सिलिंडरांची इंजिने या पिढीची ठळक उदाहरणे आहेत. या क्रमांकांतील पहिला अंक सिलिंडरांची संख्या आणि पुढील दोन अंक सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतात.

इंजिन चालण्याच्या अटी

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. या दाबाने हवा अतिशय तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे इंजिन नीट चालण्यासाठी पुढील चार गोष्टींची पूर्तता आवश्यक असते.

१. पुरेशी स्वच्छ हवा आत येणे व जळालेला वायू विनाअडथळा बाहेर जाणे.
२. हवा व पाणी न मिसळलेले डिझेल योग्य मात्रेत मिळणे आणि नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडणे.
३. दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, पुरेसा असणे.
४. फवारा व झडपांची उघडझाप योग्य क्षणी होणे.

इंजिन चालू होण्यासाठी ते सुरुवातीला पुरेशा वेगाने फिरवले जाणेही गरजेचे असते. इंजिनाच्या चालण्यातील बहुतेक दोष या अटींपैकी कोणती तरी एक अपुरी राहिल्याने उद्भवतात. म्हणून ‘कोणता भाग बिघडला’ या प्रश्नाआधी ‘कोणती अट पुरी होत नाही’ हा प्रश्न विचारला जातो.

प्राथमिक चौकशी व पाहणी

निदानाचा आरंभ चालकाशी बोलण्यापासून होतो. दोष अचानक आला की हळूहळू वाढला, इंजिन थंड असताना दिसतो की तापल्यावर, रिकाम्या गाडीत जाणवतो की भार असताना, आणि तो दिसण्याआधी कोणते काम झाले होते, या प्रश्नांच्या उत्तरांतून निम्म्या शक्यता गळून पडतात. अचानक आलेला दोष बहुधा इंधनाचा अडथळा, हवा शिरणे किंवा एखादा भाग तुटणे यांमुळे असतो. महिनोन्महिने वाढत गेलेला दोष झीज किंवा साचलेली घाण सुचवतो. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलेला दोष प्रथम त्या फिल्टरच्या जोडणीतच शोधावा लागतो.

यानंतर काहीही न खोलता पाहणी केली जाते. टाकीत डिझेल आहे का, इंजिन बंद करण्याची तार अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकली आहे का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर पंपावरील दांडा पूर्ण सरकतो का, एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, नळ्यांच्या सांध्यांवर ओल दिसते का, हे पाहिले जाते. तेलाची काठीही बरेच काही सांगते. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. तेल न घालताच पातळी वाढली असेल व तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर गळका नोझल, फीड पंप किंवा इंजेक्शन पंप यांतून डिझेल तेलात उतरत असल्याचा संशय येतो. असे पातळ झालेले तेल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, म्हणून कारण सापडेपर्यंत इंजिन चालवणे टाळले जाते.

लक्षणे व त्यांचा शोध

इंजिन सुरू न होणे

प्रथम इंजिन किती वेगाने फिरते हे पाहतात. स्टार्टर मंद फिरत असेल तर हवा हळू दाबली जाते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत निघून जाते आणि डिझेल पेटत नाही. अशा वेळी बॅटरी, तिची टोके, चॅसीला जोडलेली अर्थची तार आणि स्टार्टर यांची तपासणी आधी होते. पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीवर विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाब मिळतो.

स्टार्टर जोमाने फिरत असेल तर सायलेन्सरकडे लक्ष द्यावे लागते. फिरवताना धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असा तर्क करता येतो. पांढरा धूर येत असूनही इंजिन पेट घेत नसेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. मग कमी कॉम्प्रेशन, चुकीचे टायमिंग किंवा डिझेलमधील पाणी यांकडे शोध वळतो. या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र दोन भागांत विभागले जाते.

मध्येच बंद पडणे व इंधनात हवा शिरणे

डिझेल टाकीतून फीड पंपाने ओढले जाते, फिल्टरमधून जाते, इंजेक्शन पंपात पोहोचते आणि तेथून उच्च दाबाच्या नळ्यांतून नोझलकडे जाते. या मार्गात हवा शिरली की पंपाचा प्लंजर डिझेलऐवजी हवाच दाबतो. हवा दाबली जाऊन आकसते, नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही आणि इंजिन अडखळून बंद पडते. यालाच ‘एअर लॉक’ म्हणतात.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. फीड पंपाच्या पुढील भागात दाब असतो, त्यामुळे तेथील फट डिझेल ठिबकून स्वतःच दिसते. टाकी ते फीड पंप या भागात मात्र ओढ असते. तेथील फटीतून हवा आत जाते, पण इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही. म्हणून बाहेरून कोरडी दिसणारी नळी निर्दोष समजणे ही सर्रास होणारी चूक आहे. खात्रीसाठी फीड पंपाची ओढनळी सुटी करून डिझेल भरलेल्या स्वच्छ डब्यात थेट सोडतात. अशा जोडणीवर इंजिन नीट चालले, तर दोष टाकी ते पंप या भागात आहे हे सिद्ध होते.

हवा काढताना मार्गाच्या क्रमानेच जावे लागते. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढतात, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू सैल करतात आणि गरज पडल्यास शेवटी नोझलकडील नट सैल करून इंजिन फिरवतात. दर थोड्या दिवसांनी हवा काढावी लागत असेल, तर ती दुरुस्ती नव्हे. हवा शिरण्याची जागा अजून सापडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. तांब्याचे जुने वॉशर हे त्याचे नेहमीचे कारण असते.

इंजिन काही किलोमीटर चांगले चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, असेही घडते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले की आत निर्वात तयार होतो व डिझेल ओढले जात नाही. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन पूर्ववत चालले, तर कारण सापडले असे समजावे.

एका सिलिंडरचे काम न करणे

इंजिन ठरावीक लयीत थरथरत असेल, तर एखादे सिलिंडर निकामी असण्याचा संभव असतो. ते ओळखण्यासाठी इंजिन मंद गतीवर ठेवून एकेका नोझलकडील नळीचा नट किंचित सैल केला जातो. चालते सिलिंडर असे बंद केल्यास इंजिनाची गती व आवाज बदलतो. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, ते आधीपासूनच काम करत नसते.

त्यानंतर त्या सिलिंडरचा नोझल शेजारच्या चालत्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करून पाहतात. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर नोझल सदोष आहे. दोष मूळ जागीच राहिला, तर पंपाचा तो घटक, उच्च दाबाची नळी, झडपा किंवा कॉम्प्रेशन यांची तपासणी करावी लागते. कोणताही नवा भाग विकत न घेता निष्कर्ष देणारी ही चाचणी यांत्रिक इंजिनांच्या निदानात अत्यंत उपयुक्त ठरली आहे.

ताकद कमी होणे

सपाट रस्त्यावर न जाणवणारा हा दोष चढावर उघड होतो. भरलेला ट्रक कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात पूर्वीपेक्षा खालच्या गिअरमध्ये चढवावा लागणे हे त्याचे पहिले चिन्ह असते. शक्ती कमी आणि धूर काळा असेल, तर हवा कमी पडते किंवा नोझलचा फवारा बिघडलेला असतो. शक्ती कमी पण धूर नाही, अशी स्थिती असेल तर डिझेलच कमी पोहोचते. मग फिल्टर, फीड पंप व ॲक्सिलरेटरची जोडणी तपासली जाते. शक्ती कमी होण्याचे कारण इंजिनाबाहेरही असू शकते. चिकटलेले ब्रेक किंवा घसरणारा क्लच इंजिनाला नाहक दोषी ठरवतो. क्लच घसरत असल्यास इंजिनाचा वेग वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. चिकटलेल्या ब्रेकमुळे त्या चाकाचा ड्रम इतरांहून बराच अधिक तापतो.

गती स्थिर न राहणे

इंजिनाची गती आपोआप खालीवर होत राहणे हा बहुधा गव्हर्नरचा, पंपातील अडकणाऱ्या रॅकचा किंवा इंधनातील हवेचा दोष असतो. काही जुन्या इंजिनांत वायवीय गव्हर्नर असतो. तो हवेच्या मार्गात निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालतो. निर्वात पातळ पडद्याला ओढतो व डिझेलची मात्रा कमी करतो. निर्वाताची नळी ढिली झाली किंवा पडदा फाटला की ही ओढ कमी होते, डिझेल वाढते आणि इंजिन बेसुमार वेगाने फिरू शकते. त्यामुळे पंप उतरवण्याआधी ही नळी व पडदा पाहिला जातो.

ठोके व इतर आवाज

फवारा वेळेआधी होऊ लागल्यास कडक धातूचा ठोका ऐकू येतो; टपकणाऱ्या नोझलनेही असाच आवाज होतो. नट सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल थांबवताच ठोका नाहीसा झाला, तर त्याचा संबंध ज्वलनाशी किंवा त्या सिलिंडरवर येणाऱ्या भाराशी आहे हे कळते. झडपांची फट वाढल्यास वरच्या भागातून हलकी टकटक येते. फट गरजेपेक्षा कमी असणे मात्र अधिक धोक्याचे असते. आवाज येत नाही, परंतु तापल्यावर झडप पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते व झडप जळते. भार येताच तळातून उमटणारा जड ठोका बेअरिंगच्या झिजेचा असू शकतो; तेव्हा तेलाचा दाब पाहून इंजिन लगेच बंद करणे हिताचे असते.

धुराचे रंग

काळा धूर: डिझेलच्या मानाने हवा अपुरी. कारणे: भरलेला एअर फिल्टर, बिघडलेले नोझल, पंपातून वाढवलेली डिझेलची मात्रा, अतिभार.

निळसर धूर: इंजिन तेल जळत आहे. धूर सतत येत असेल तर पिस्टन रिंग व लायनर यांची झीज संभवते. लांब उतारानंतर ॲक्सिलरेटर दाबताच धुराचा लोट येत असेल, तर झडपांच्या गाइडवर संशय घेतात.

पांढरा धूर: न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो व त्याला डिझेलचा वास येतो. वाफ हवेत लवकर विरते. थंड हवेत सुरू केल्यावर थोडा वेळ येणारा पांढरा धूर स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही वाफ येत राहिली आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केट फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची शक्यता असते. अशा वेळी रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडेही दिसू शकतात.

मोजमापाच्या चाचण्या

पाहणीतून निघालेला तर्क मोजून पडताळला जातो. नोझल टेस्टरवर नोझल किती दाबाला उघडतो, फवारा धुक्यासारखा पडतो की धार लागते आणि नंतर थेंब टपकतो का, हे पाहतात. थेट इंजेक्शनच्या अनेक जुन्या इंजिनांत उघडण्याचा दाब सुमारे २०० बार असतो; नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

कॉम्प्रेशन सर्व सिलिंडरांचे मोजतात, कारण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत कॉम्प्रेशन कमी असेल, तर त्यांच्या मधल्या गॅस्केटवर प्रथम संशय जातो. एकाच सिलिंडरात ते कमी असेल, तर थोडे तेल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग, न वाढल्यास झडप दोषी ठरण्याचा संभव अधिक असतो. डिझेल इंजिनातील ज्वलनाची जागा लहान असल्यामुळे तेल जास्त झाल्यास आकडा फसवा वाढतो, शिवाय इंजिनाला इजा होऊ शकते. तेल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून दाबाने वायू येत राहणे, म्हणजेच ‘ब्लो-बाय’, हेही रिंग झिजल्याचे लक्षण असते.

पंपाचे टायमिंग व त्याच्या प्रत्येक घटकातून मिळणारी डिझेलची मात्रा तपासण्याचे काम कॅलिब्रेशनची यंत्रे असलेल्या पंप-नोझल दुरुस्तीच्या केंद्रांत होते. पंपाचा मात्रेचा स्क्रू रस्त्यावर अंदाजाने फिरवल्यास तात्पुरती ताकद वाढल्याचा भास होतो. प्रत्यक्षात धूर, तापमान व डिझेलचा खर्च वाढतो.

निदानातील नेहमीच्या चुका

एकाच वेळी अनेक भाग बदलणे ही सर्वांत खर्चिक चूक होय. दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुन्हा उद्भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो. परिणामालाच कारण समजणे ही दुसरी चूक. पंप झिजला म्हणून तो बदलला, पण तो पाणी किंवा रॉकेल मिसळलेल्या डिझेलमुळे झिजला होता हे पाहिले नाही, तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. पंपातील सूक्ष्म भागांना वंगण डिझेलच पुरवते आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी असतो. आधीच्या दुरुस्तीची नोंद न ठेवणे ही तिसरी चूक. तारीख, अंतर, लक्षण, चाचणी व केलेले काम यांची साधी वही पुढील निदान सोपे करते.

सुरक्षितता

नोझलमधून निघणारा फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती गंभीर असते व ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. म्हणून गळती बोटाने चाचपत नाहीत, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहतात. नट सैल करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल उडू देऊ नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये. ट्रकखाली जाण्यापूर्वी चाकांना अडथळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कोणीही जाऊ नये. इंजिन बेसुमार वेगाने फिरू लागले आणि बंद करण्याच्या तारेला दाद देईना, तर त्याची हवा फळीसारख्या घट्ट वस्तूने रोखतात, हाताने नव्हे.

नव्या ट्रकशी तुलना

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली. या मानकांच्या ट्रकमध्ये संगणकीय नियंत्रण असते व निदानाची सुरुवात सांकेतिक क्रमांक वाचून होते. कॉमन रेल पद्धतीत इंधनाचा दाब १,००० बारपेक्षाही अधिक जात असल्यामुळे चालत्या इंजिनावर नळीचा नट सैल करण्याची जुनी चाचणी तेथे प्राणघातक ठरू शकते. ती कटाक्षाने वर्ज्य आहे. मात्र सांकेतिक क्रमांक सहसा दोषाचे क्षेत्र सांगतो, मूळ कारण सांगेलच असे नाही. बुजलेला फिल्टर, हवा शिरणारा सांधा किंवा निसटणारे कॉम्प्रेशन शोधण्यासाठी हवा, इंधन, दाब व वेळ या क्रमाने विचार करण्याची पद्धत नव्या इंजिनांतही कायम राहिली आहे.